झाडांचे जाणकार

५ जानेवारी, रविवार

औषध कंपनीवाले दरवर्षी डायरी देतात आणि दरवर्षी ती घरात किराणाच्या याद्यांना लागते. यंदा मी ती स्वतःसाठी ठेवून घेतली, कारण आज घर पाहिलं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात दाढेचं चित्र आहे. दातांच्या डॉक्टरला यातून सुटका नाही.

घर राजधानीपासून गाडीने पाऊण तासावर आहे. दीडशे वर्षांपूर्वी बड्या अधिकाऱ्यांनी उन्हाळ्यापुरतं वसवलेलं उपनगर, नंतर सगळे कायमचेच राहिले. दगडी कुंपणं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुनी झाडं, भर दुपारी गाडीचे दिवे लावावेत इतकी सावली. इथे कुणी हॉर्न वाजवत नाही. मी वाजवला, तेव्हा तीन घरांच्या गॅलऱ्यांत माणसं आली.

मालकीणबाई एका नावाजलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. अख्खी गल्ली त्यांना मोठ्या बाई म्हणते. वय ऐंशीच्या घरात, लग्न केलेलं नाही, सगळे दात स्वतःचे. मोठं घर त्या विकणार आणि त्याच आवारात, कोपऱ्यातल्या दोन खोल्यांच्या बंगलीत स्वतः राहणार. म्हणजे घर घ्यायचं तर बाईही शेजारी म्हणून घ्यायच्या. त्यामुळे त्या गिऱ्हाईक निवडून घेतात असं एजंट म्हणाला. आतापर्यंत चार जणांना परत पाठवलंय, त्यातला एक तर कारखानदार होता.

शिवाय इथल्या रहिवासी मंडळाचा एक नियम आहे, झाडफेरीचा. घेणाऱ्याने आपला झाडांचा जाणकार आणायचा, मालकांबरोबर आवारातलं प्रत्येक झाड फिरून बघायचं, यादी करायची आणि तिघांनी सह्या करून ती कराराला जोडायची. पुढे मंडळाला विचारल्याशिवाय डहाळीही तोडायची नाही. बायको म्हणाली, लग्नाआधी तू माझी इतकी चौकशी केली नव्हतीस.

तळमजल्यावर मागच्या अंगाला एक खोली आहे, बाथरूम लागूनच. खिडकीतून पूर्ण बाग दिसते. ती बाबांची. आई गेल्यापासून ते तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटे राहतात आणि गुडघे धरून जिने चढतात. सहा वर्षं झाली, मोठं घर घेतलं की तुम्हाला घेऊन येतो, असं मी त्यांना सांगतोय.

७ जानेवारी, मंगळवार

जाणकार शोधत होतो आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाबा पस्तीस वर्षं वीज कंपनीत होते, तारांवर येणाऱ्या फांद्या कापायच्या टोळीत. झाडाच्या सालीवर हात ठेवून ते आतली कीड सांगतात. माझी लेक, म्हणजे मुंगी, त्यांना झाडांचे डॉक्टर म्हणते.

फोन केला. फार खूश झाले. काय घालून येऊ, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, काहीही घाला हो.

१२ जानेवारी, रविवार

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणायची.

बाबा बसने आले. गाडी पाठवतो म्हटलं होतं, नको म्हणाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ, पण खांद्याला कंपनीची जुनी खाकी पिशवी आणि पायात जाड टायरच्या चपला. बाई फाटकाशीच उभ्या होत्या. नमस्कार वगैरे व्हायच्या आत त्यांनी आम्हाला थेट मोठ्या शिरीषाखाली नेलं आणि बुंध्यावर हातभर रुंद जुना व्रण दाखवला. तीस वर्षांपूर्वी वीज कंपनीच्या माणसांनी न विचारता ही फांदी उतरवली म्हणे. "कसाई मेले," त्या म्हणाल्या. मग बाबांकडे वळून त्यांनी विचारलं, "आणि हे?"

हे माझे वडील, वीज कंपनीत होते, असं वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. कसाई हा शब्द अजून हवेत होता. मी म्हणालो, "हे झाडांचे जाणकार."

बाबांनी एक क्षणही घेतला नाही. हात जोडून म्हणाले, "नमस्कार बाई." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, आधी उत्तरेकडून बघू या का?"

काय प्रसंग झेलला! नाटकात असते तर बक्षीस मिळालं असतं. दोन तास ते मला अहो-जाहो करत होते. बाईंना तर इतके आवडले की त्यांनी पुढच्या रविवारी यादीसाठी हेच जाणकार हवेत असं बजावलं.

बाहेर पडल्यावर मी हसत हसत म्हटलं, बाबा, कमाल केलीत. तेही हसले. मग म्हणाले, ती फांदी मीच उतरवली होती. व्रण कसा नीट भरून आलाय बघितलंस ना? घरी जेवायला चला म्हटलं तर भूक नाही म्हणाले आणि समोर आली ती बस धरून गेले. वय झालं, जेवण कमी झालंय त्यांचं.

१३ जानेवारी, सोमवार

बायकोला अजून सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं आहे तरी काय? व्यवहार म्हटला की थोडं झाकावं लागतं. बाबा कंपनीचे आहेत हे कळलं असतं तर बाईंनी आम्हाला तिथूनच वाटेला लावलं असतं. कागद झाले की एक दिवस चहावर सांगून टाकू. त्याही हसतील.

दुपारी एका पेशंटची चुकीच्या बाजूची दाढ सुन्न केली.

१९ जानेवारी, रविवार

यादी झाली. लहानमोठी मिळून एकतीस झाडं. प्रत्येकाला मंडळाचा पत्र्याचा नंबर ठोकलेला आहे. बाबा सांगत होते आणि मी लिहीत होतो. शिरीष, वय सव्वाशेच्या वर, ठणठणीत. सुरू, चार, पैकी एक पोकळ, पण पडणार नाही. चाफा, मुळाशी वाळवी, औषध करावं. लिहायचं काम मी मुद्दाम माझ्याकडे घेतलं, तेवढाच साहेब दिसतो.

चहाच्या वेळी बाईंनी व्हरांड्यात तीन खुर्च्या मांडल्या होत्या. बाबा खुर्चीवर बसले नाहीत. कपडे मळलेत म्हणून पायरीवर बसले. मला हायसं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो. दुसरं कोण वाचणार आहे?

मग ते सुरूची वाळकी फांदी काढायला शिडीवर चढले आणि बाई मला म्हणाल्या, "तुमच्या झाडवाल्यांनी मघाशी मला सांगितलं, ती फांदी त्यांनीच कापली होती. आतून किडली होती म्हणे. तेव्हा कापली नसती तर पुढच्या वादळात सगळं झाडच गेलं असतं. मी माफी मागितली त्यांची. तीस वर्षं शिव्या घातल्या मी त्या माणसाला."

म्हणजे बाबांनी स्वतःच सांगून टाकलं होतं, आणि काहीही बिघडलं नव्हतं. उलट बाई खूश होत्या. मी ज्या भीतीने खोटं बोललो ती भीती उरलेलीच नव्हती. तोंड उघडायचा याहून सोपा मोका आला नसता.

बाई पुढे म्हणाल्या, "साहेबांना लहानपणी झाडावर चढायची भीती वाटायची, असंही सांगत होते."

मी म्हटलं, जुनी ओळख आहे, आमच्याकडे येऊन-जाऊन असतात. चोराच्या मनात चांदणं. बाईंनी कपात साखर ढवळली. मग त्यांनी विचारलं, "आणि वडील? असतात का तुमचे?"

"असतात की," मी म्हणालो. "गावी असतात."

आमचं गाव म्हणून कुठे काही नाही. वर करवत चालू होती ती थांबली. मी मान वर केली नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा चालू झाली. करवत अडकली असेल, ओल्या लाकडात अडकते.

२० जानेवारी, सोमवार

करवत अडकली नव्हती. फांदी वाळकी होती.

२२ जानेवारी, बुधवार

बायकोला कळलं. एजंटनेच फोनवर विचारलं, तुमच्या त्या झाडवाल्यांचा नंबर देता का, दुसऱ्या एका पार्टीलाही जाणकार हवेत. तिने कोण झाडवाले म्हणून विचारलं. मग काय, बैल गेला आणि झोपा केला. मी सगळं सांगत बसलो.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "ते आपल्याकडे राहायला येतील तेव्हा काय सांगणार आहेस? झाडांचे जाणकार मागच्या खोलीत झोपतात?"

याचा मी विचारच केला नव्हता. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, लोकांच्या जबड्यांचे पाच पाच वर्षांचे आराखडे आखतो, आणि हे डोक्यात आलं नाही. अक्कल शेण खायला गेली होती. बाई आवारातच राहणार. पहिल्या दिवसापासून हे दिसत होतं.

मी म्हटलं, कागद झाले की सांगतो. ती म्हणाली, कागद व्हायच्या आधी सांग. मी म्हटलं, आता सांगितलं तर खोटारडा ठरेन आणि घर जाईल. ती म्हणाली, मग ठर की. तेव्हापासून आमचं बोलणं मुंगीमार्फत चालू आहे. तुझ्या बाबांना सांग, जेवण वाढलंय. आईला सांग, येतो.

२३ जानेवारी, गुरुवार

खरं लिहितो. कसाई या शब्दाचं मी उगाच निमित्त केलं. त्या दिवशी फाटकाशी बाबा बसमधून उतरून चालत येताना दिसले, खाकी पिशवी, टायरच्या चपला, तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, यांनी आज हे घालून यायला नको होतं. काहीही घाला, असं मीच सांगितलेलं. बाईंनी काहीच म्हटलं नसतं तरी मी काहीतरी पळवाट शोधलीच असती.

त्याच चपला घालून हा माणूस माझ्या कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत सकाळपासून उभा होता. तेव्हाही मी चार माणसं सोडून मागे उभा होतो. एवढ्या वर्षांत हे कधी आठवलं नव्हतं.

२५ जानेवारी, शनिवार

माफी मागायला म्हणून बाबांकडे गेलो. तिन्ही जिने चढेपर्यंत सगळी वाक्यं जुळवली होती. दार उघडून ते म्हणाले, "या." मी चमकलो. त्यांनी जीभ चावली आणि म्हणाले, "ये रे. सवय लागली बघ."

मग माफीचं तसंच राहिलं. त्यांनी पोहे-चहा केला. चाफ्याच्या औषधाचं प्रमाण कागदावर लिहून दिलं. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी सुंदर आहे, मुंगीच्या वह्यांवर नाव तेच घालतात. निघताना मी म्हटलं, बाबा, त्या दिवशी मी... त्यांनी पुढे बोलू दिलं नाही. "आधी घर तर मिळू दे तुला," म्हणाले. "झाकली मूठ असू दे."

जिना उतरताना मला हलकं वाटलं. बाबांना काही वाटलेलं नाही, समजूतदार आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. गाडीपर्यंत ते टिकलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सह्या झाल्या. घर आमचं झालं.

मंडळाच्या कचेरीत टेबलाच्या एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला मी, आणि बाबा भिंतीशी उभे. करार झाला, मग झाडांची यादी आली. आधी बाईंनी सही केली, मग मी. मंडळाच्या कारकुनाने कागद बाबांपुढे सरकवला आणि म्हणाला, "इथे पूर्ण नाव लिहा आणि खाली सही."

माझं नाव वरच्या ओळीत होतं. मधलं नाव बाबांचं, आडनाव दोघांचं एक. बाबांनी नाव लिहिलं असतं तर एकाच कागदावर, दोन बोटांच्या अंतरावर, सगळं उघडं पडलं असतं. हे मला तेव्हा, त्या क्षणी कळलं. बाबांना ते आधीच कळलेलं असावं, कारण त्यांनी पेनाला हातच लावला नाही.

"मला लिहिता येत नाही, साहेब," ते कारकुनाला म्हणाले. "अंगठा चालेल का?"

कारकून म्हणाला, चालेल, पण नाव तर लागेलच, मी लिहितो, सांगा. बाबांनी पुढे केलेला अंगठा मागे घेतला. बाई माझ्याकडे बघत होत्या. बाबांकडे नाही, कारकुनाकडे नाही, माझ्याकडे. शाळेत उत्तर माहीत असलेल्या मुलाकडे बाई जशा थांबून बघतात तशा. मी यादीवरच्या चाफ्याचा नंबर वाचत राहिलो. सतरा.

शेवटी बाईच म्हणाल्या, "झाडांचे जाणकार एवढंच लिहा. मी ओळखते त्यांना."

बाबांनी अंगठा उठवला. शाईचा बोळा मी पुढे करायला हवा होता, तोही बाईंनी केला. एजंट पेढे... नाही, चॉकलेटचा डबा उघडून सगळ्यांना देत होता. बाबांनी मुंगीसाठी एक खिशात घातलं.

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात आहे. वीज कंपनीत अंगठेबहाद्दर कामगारांना सही शिकवणारे बाबा होते. जेवणाच्या सुट्टीत, मातीत काडीने. बेचाळीस माणसांना शिकवली त्यांनी. आणि आज माझ्या घरासाठी त्यांनी अंगठा दिला, आणि मी तो देऊ दिला.

२ मार्च, रविवार

आज सामान आलं. तीन आठवडे लिहायचं टाळलं, आज टाळत नाही.

बाबा सकाळीच आले. बाईंच्या चाफ्याला औषध घालायचं होतं म्हणून अवजारं घेऊन आले होते, म्हणून मागच्या फाटकाने आले. निदान मी तसं धरून चाललो. मी ट्रकवाल्यांच्या मागे, बायको खोक्यांच्या मागे. दुपारी बाई, मी आणि बाबा चाफ्याशी उभे होतो. बाबा वाळवीचं वारूळ दाखवत होते. मुंगी घरातून पळत आली. अकरा वर्षांची पोर, या माणसाच्या खांद्यावर वाढलेली. धापा टाकत आमच्यापाशी थांबली, बाईंकडे एकदा बघितलं आणि म्हणाली:

"झाडवाले काका, तुमचा चहा पायरीवर ठेवलाय."

मी तिला काहीही सांगितलेलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. बायकोने तर शक्यच नाही. मी बाबांकडे बघितलं आणि त्यांनी नजर खाली घेतली, तेव्हा कळलं. त्यांनी शिकवलं होतं तिला. सराव करून घेतला असणार, ती चुकू नये म्हणून. आणि ती चुकली नाही, शहाणी पोर. आपण बरोबर केलं ना, म्हणून आजोबांकडे बघत होती.

तेव्हा मी बोललो. "बाई, हे माझे वडील आहेत," म्हणालो. "ही त्यांची नात." मला वाटलं होतं, हे बोलल्यावर काहीतरी सुटेल. काहीच सुटलं नाही. घर नावावर होतं, चाव्या खिशात होत्या. आता खरं बोलायला काय लागत होतं? फुकटचं खरं.

बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे. चाळीस वर्षं शाळेच्या फाटकाशी उभी राहून मी पोरं आणि बाप जुळवलेत." मग म्हणाल्या, "घर मी त्यांच्याकडे बघून दिलं. तुम्ही बोलाल म्हणून वाट मात्र पाहिली." आणि त्या मुंगीचा हात धरून तिला आपल्या बंगलीकडे घेऊन गेल्या.

बाबा अवघडले होते. रागावले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. ते म्हणाले, "उगाच बोललास. चांगलं चाललं होतं की." जणू मीच काहीतरी सांडलं होतं आणि ते पुसायचं कसं याची त्यांना चिंता पडली होती.

मी त्यांना आत नेलं. मागची खोली दाखवली. पलंग लावून ठेवलाय, उंच नाही, गुडघ्यांना सोसेल असा. त्यांनी खिडकी उघडून बघितली, बिजागरी हलवून बघितली. हवा चांगली आहे म्हणाले. मी म्हटलं, बाबा, आजच राहा, सामान मी उद्या आणतो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. अंगठ्याच्या नखाच्या कडेला अजून शाईची पुसट रेघ होती.

"पोरीला दे ही खोली, अभ्यासाला," म्हणाले. "मी येत जाईन ना महिन्याला. चाफ्याकडे बघायला हवंच कुणीतरी."

मी पुष्कळ बोललो. रडलोही. ते ऐकत होते, मधेच हो हो म्हणत होते, लहानपणी दात पडला की म्हणायचे तसं. मग पाच वाजताची बस आहे म्हणून त्यांनी खाकी पिशवी उचलली. दाराशी थांबले आणि त्यांनी मला विचारलं,

"कुठल्या दाराने जाऊ?"

टोमणा नव्हता. टोमणा मारणारा माणूसच नाही तो. त्यांना खरंच माहीत नव्हतं आणि ते मला विचारत होते.

मी म्हटलं, समोरच्या, बाबा, समोरच्या दाराने, आणि पुढे धावलो. समोरच्या दाराला जुनी पितळी कडी आहे, वर उचलून मग डावीकडे ओढायची असते. ते मला माहीत नव्हतं. मी ती खेचत राहिलो, खोक्यांवर अडखळलो, बायकोला हाक मारली. ती आली आणि तिने कडी काढून दिली.

तोवर ते मागच्या दाराने गेले होते.